शोध घेणे, शोध लागणे

मराठीतील 'शोध' हा शब्द मोठा फसवा आहे. हरवलेल्या माणसाचा शोध आपण घेतो आणि पेनिसिलिनचा शोध लागतो. नाम एकच, क्रियापद तेवढे बदलते. पहिल्यात कर्ता आहे, कष्ट आहेत आणि हात हलवत परत येण्याची पूर्ण शक्यता आहे. दुसऱ्यात कर्ता जवळजवळ नाहीसा होतो. झोप लागावी, ठेच लागावी, तसा शोध 'लागतो'. बोलताना क्रियापद सोबत असते म्हणून घोटाळा होत नाही. वृत्तपत्राच्या मथळ्याला मात्र क्रियापद परवडत नाही. 'लोणार सरोवराच्या जीवाणूंत प्रतिजैविकांचा शोध' असा मथळा कल्पून पाहावा. याचा अर्थ काय घ्यायचा? कोणी तरी शोधते आहे, की कोणाला तरी सापडले आहे? बहुतेक वाचक दुसरा अर्थ घेतील, आणि मथळा देणाऱ्याचीही त्याला हरकत नसेल.

साहित्याच्या पानांवर जीवाणूंचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की हे काम प्रथम भाषेचेच आहे. नैसर्गिक जलाशयांतील जीवाणूंपासून औषधी द्रव्ये मिळवण्याचे प्रयत्न आपल्या विदर्भात गेली काही दशके होत आहेत. त्यांवर प्रबंध होतात, चर्चासत्रे होतात, अधूनमधून बातम्याही येतात. मराठीत मात्र या उद्योगाची केवळ दोन टोके दिसतात: आरंभीचे गूढ पाणी आणि शेवटचे रामबाण औषध. मधली वर्षानुवर्षांची, कंटाळवाणी आणि बहुधा अपयशाची वाट कोणी लिहीत नाही, म्हणून ती कोणाला दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्यासाठी पैसा मागता येत नाही. या मौनाची किंमत आपण मोजतो आहोत, असे आम्हांस वाटते.

उदाहरण लोणारचेच घेऊ. आमच्या नागपूरचे अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे सारे माणसाने बांध घालून केलेले तलाव. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तसे नाही. काळ्या बेसॉल्ट खडकावर अशनी आदळून झालेले ते विवर. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनाने त्याचे वय सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे ठरवले. पाणी खारट, आणि त्याहूनही अधिक क्षारीय: सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास. आपल्याला हे सरोवर लवणासुराच्या कथेतून आणि दैत्यसूदनाच्या देवळातून आधी कळते. विष्णूने मारलेल्या दैत्याचे रक्त म्हणजे हे पाणी, अशी समजूत. काठावर सुकणाऱ्या खाराचे प्रकार ओळखून स्थानिक लोकांनी त्यांना डल्ला, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे दिली होती. ज्या भाषेने खाराच्या थराथरातला फरक ओळखून नावे ठेवली, तिने त्याच थरातील जीवसृष्टीबद्दल मात्र अवाक्षर काढले नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्याचे नाव कोण ठेवणार, हे खरेच.

ती नावे पुढे लॅटिन वळणाने आली, आणि त्यांतील काही मोठी गमतीची आहेत. लोणारच्या गाळातून वेगळ्या केलेल्या एका जीवाणूला २०१२ साली 'मिथायलोफॅगा लोनारेन्सिस' हे नाव मिळाले. त्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी आणखी एकाला 'सेसेम्बिया लोनारेन्सिस' म्हटले. यातले 'सेसेम्बिया' म्हणजे दुसरेतिसरे काही नसून सीसीएमबी ही आद्याक्षरेच लॅटिन विभक्ती लावून उभी केलेली. 'इंडिबॅक्टर' नावाची प्रजातीही याच सरोवरातली. नावांच्या व्युत्पत्तीत रमणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी या बाजूकडे कधी तरी फिरकावे.

आता या जीवाणूंकडून औषधाची अपेक्षा का करायची? जीवाणू ज्या द्रव्यांनी शेजाऱ्याची वाढ रोखतात, ती द्रव्ये ते अडचणीच्या जागी अधिक निर्माण करीत असतील, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क अधिक व्यवहारी. गेली ऐंशी वर्षे जगभरच्या शास्त्रज्ञांनी शेताबागांतील माती इतकी चाळली आहे की तिच्यातून तीच ती द्रव्ये पुन्हा पुन्हा हाती येतात. सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली आल्बर्ट शाट्झ यांना मातीतील स्ट्रेप्टोमायसीजपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. तेव्हापासून तोच वंश सर्वांनी पिळून काढला. म्हणून नवी द्रव्ये हवी असतील तर नव्या जागा धुंडाळाव्यात: समुद्रतळ, उष्ण झरे, खारी सरोवरे.

गरज किती आहे? २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे एकट्या २०२१ या वर्षात थेट ११ लाख ४० हजार माणसे दगावली, आणि २०५० पर्यंत हा वार्षिक आकडा १९ लाखांवर जाईल. न्युमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, बाळंतपणानंतरचा ताप ही दुखणी त्यांत आहेत. कोणा अपरिचित, दूरदेशीच्या रोगाची ही गोष्ट नव्हे.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सारा घोटाळा तेथेच होतो. काठावरचा गाळ किंवा पाणी आणायचे, ते विरळ करून पोषक जेलीच्या तबकड्यांवर पसरायचे. लोणारच्या जीवाणूंसाठी ही जेलीही क्षारीय करावी लागते. काही दिवसांनी ठिपके उमटतात. नमुन्यातील जीवाणूंपैकी फार थोडे असे तबकडीवर वाढतात, बाकीचे प्रयोगशाळेचे निमंत्रण स्वीकारत नाहीत. जे वाढले त्यांना एकेक करून वेगळे करायचे. मग दुसऱ्या तबकडीवर एखाद्या रोगजंतूचा, समजा स्टॅफिलोकॉकसचा, पातळ थर द्यायचा आणि त्यावर आपल्या जीवाणूचा अर्क ठेवायचा. अर्काभोवती रोगजंतू वाढला नाही तर तेथे स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. ते दिसले की संशोधकाला आनंद होतो, आणि तो रास्तच आहे.

पण हे वर्तुळ म्हणजे शोध लागणे नव्हे. मुळात वर्तुळ कशामुळे पडले हेच अजून ठरलेले नाही. क्षारीय माध्यमात वाढवलेल्या जीवाणूचा अर्क स्वतःच क्षारीय असू शकतो, आणि ज्या रोगजंतूला माणसाच्या शरीरातले साधे वातावरण मानवते त्याला नुसता खारही मारू शकेल. तेव्हा जीवाणू न टाकलेले तेच माध्यम शेजारी ठेवून पाहिले होते काय? अर्काचा सामू सातवर आणून प्रयोग पुन्हा केला होता काय? हे दोन प्रश्न विचारायला सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी लागत नाही. पाठ्यातील एखाद्या ओळीचे श्रेय कवीला द्यायचे की लेखनिकाला, असे विचारणाऱ्या कोणालाही ते सुचावेत.

समजा वर्तुळ खरे निघाले. पुढे अर्कातील शेकडो द्रव्यांतून नेमके कोणते काम करते ते वेगळे करायचे, त्याची रचना ठरवायची आणि ते पूर्वी कोणाला मिळालेले नाही ना याची खात्री करायची. बहुतेक गाडी येथेच अडते, कारण ते द्रव्य जुने निघते. त्यातून वाचले तर ते माणसाच्या पेशींना मारते का, रक्तात टिकते का, पोटातून शोषले जाते का, मोठ्या टाकीत पुरेसे निघते का, असे प्रश्न रांगेत उभे असतात.

या मधल्या वाटेसाठी आपल्या भाषेत एक जुना, नेमका शब्द आहे, तो म्हणजे शोधन. शोधणे याचा एक मूळ अर्थ शुद्ध करणे, गाळून घेणे, असाच आहे. धातूचे शोधन होते, वैद्याच्या औषधाचे शोधन होते, आणि पाठाचेही होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ते काम याच जातीचे. त्यांना नवी ओवी सापडली नव्हती. भेसळ ओळखून बाजूला काढायची होती. 'संशोधन' या शब्दात हा अर्थ अजून शाबूत आहे, आपणच तो विसरलो. विद्यापीठांत संशोधन म्हणजे निबंध छापणे असा रूढार्थ झाल्यावर दुसरे काय व्हायचे!

लोणारच्या जीवाणूंविषयीचे बरेचसे लेखन वर्तुळापाशी येऊन थांबते. अखेरच्या परिच्छेदात 'हा जीवाणू आशादायक आहे, पुढील अभ्यास आवश्यक आहे' अशा आशयाचे वाक्य असते. हे वाक्य आम्हांस फार ओळखीचे वाटते. मराठी साहित्यावरील प्रबंधांच्या समारोपात 'या कवीच्या प्रतिभेचे आणखी पैलू अभ्यासकांची वाट पाहत आहेत' असे जे येते, त्याचेच हे भावंड. दोन्हीकडे 'पुढील अभ्यास' कोणी करायचा हे सांगितलेले नसते. फरक इतकाच की कवीचे पैलू आणखी पन्नास वर्षे थांबले तरी कोणी मरत नाही.

यात महाविद्यालयातील संशोधकांचा दोष आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. शोधनाला लागणारी यंत्रसामग्री, रसायनशास्त्रज्ञ आणि दहा-पंधरा वर्षांचा धीर एका विभागाकडे असणे शक्य नाही. तो संस्थेकडे असावा लागतो. आणि अशी संस्था महाराष्ट्रात एकदा होती, ही गोष्ट मराठी वाचकाला कोणी तरी सांगायला हवी.

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्याला साहाय्य होते. पेनिसिलिन देशात तयार व्हावे हा पहिला हेतू. पण तेथे संशोधन विभागही उभा राहिला. कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी मातीतील जीवाणूंचा पद्धतशीर धांडोळा घेतला. १९६०च्या सुमारास त्यांना बुरशीजन्य रोगांवर चालणारे हॅमायसिन मिळाले. ज्या जीवाणूपासून ते निघाले त्याचे नाव 'स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना'. पिंपरी हे गाव जीवाणूशास्त्राच्या कोशात असे जाऊन बसले! पुढे पिकांवरील बुरशीरोगांसाठी ऑरिओफंगिन आले. संस्थेचे स्वतःचे नियतकालिक होते. येथे तबकडी, रसायनशाळा, टाकी आणि रुग्णालयातील चाचणी एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर होती, म्हणून वर्तुळाचे औषध झाले. हॅमायसिन काही पेनिसिलिनइतके थोर ठरले नाही. पोटातून ते नीट शोषले जात नाही, त्यामुळे मुख्यतः वरून लावण्यापुरते राहिले. तरी शोध घेण्यापासून शोध लागण्यापर्यंतची अख्खी वाट महाराष्ट्रात, सार्वजनिक पैशाने, एकदा चालून झाली होती. हा कारखाना पुढे तोट्यात गेला. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा बातम्यांत जमिनीची चर्चा होती, पिंप्रिनाची नव्हती.

वाट किती लांब असते याचा परदेशी दाखलाही पाण्याचाच आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे जुझेप्पे ब्रोत्झू या प्राध्यापकांनी १९४५ साली समुद्रात सांडपाणी सोडणाऱ्या नाल्याच्या मुखाशी नमुने घेतले. त्यांना जे मिळाले तो जीवाणू नव्हता, बुरशी होती. पण तिने अनेक रोगजंतूंना रोखले. आपला निष्कर्ष त्यांनी १९४८ मध्ये इटालियन भाषेत, एका अगदी स्थानिक प्रकाशनात छापला. ते कोणाच्या वाचनात येण्याचे कारण नव्हते. परंतु नमुना ऑक्सफर्डला पोचला, तेथे न्यूटन आणि अब्राहम यांनी अनेक वर्षे शोधन करून सेफॅलोस्पोरिन सी वेगळे केले, आणि त्या कुळातील पहिले औषध १९६४ मध्ये वापरात आले. एकोणीस वर्षे! आज ज्या इंजेक्शनाशिवाय आपल्याकडचे रुग्णालय चालणार नाही, त्या सेफ्ट्रिॲक्सोनचे कूळ हेच. प्रांतिक भाषेतल्या अनामिक नियतकालिकाला इतिहासात कधी कधी असा मान मिळतो. मात्र तो मान ऑक्सफर्डमुळे मिळाला, हेही ध्यानात ठेवावे.

मग हे काम बाजारावर सोपवावे काय? बाजाराला प्रतिजैविके आवडत नाहीत. ती आठवडाभर घ्यायची असतात, आणि नवे असेल तर डॉक्टरांनी ते जपून, शेवटचा उपाय म्हणून वापरावे अशी अपेक्षा असते. जे कमीत कमी विकले जावे असे औषध कोण काढणार? अमेरिकेतील अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला २०१८ च्या जूनमध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. शोध लागूनही हे घडले. उलट बाजूने, छत्रपती संभाजीनगर येथे संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्टचे नॅफिथ्रोमायसिन २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर झाले, त्याला केंद्र सरकारच्या 'बायरॅक'चे साहाय्य होते. चौदा वर्षे आणि पाचशे कोटी रुपये लागल्याचे सरकारनेच सांगितले. हे औषध ज्या एरिथ्रोमायसिनच्या कुळातले, त्याचा मूळ जीवाणू फिलिपिन्समधील इलोइलोच्या मातीतून आला होता. तेव्हा सार्वजनिक पैसा आणि दीर्घ मुदत यांच्याखेरीज ही वाट कोणी चालू शकेल असे आम्हांस वाटत नाही.

दरम्यान पाणी थांबून राहत नाही. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीत घरी बसलेल्या महाराष्ट्राने छायाचित्रे पाहिली, चमत्काराच्या कथा ऐकल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराच्या संवर्धनाची याचिका चालू होतीच. त्या संदर्भात आमच्या शहरातील 'नीरी'ने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. उष्णता वाढली, पाणी आटले, खारेपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव माजले, त्यांच्या रंगद्रव्याचा तो रंग, असा आघारकरचा निर्वाळा होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट दिसते: तेथील अदृश्य वस्ती खाराच्या किंचित चढउतारानेही बदलते. गावाचे सांडपाणी विवरात उतरत राहिले तर पाणी केवळ घाण होत नाही, त्याचा मूळ स्वभावच जातो. जो जीवाणू अजून कोणी वाढवून पाहिलेला नाही तो कोणाच्या नोंदीत न येताच संपेल.

सांडपाण्याबरोबर आणखी एक गोष्ट येते. माणसांनी आणि जनावरांनी घेतलेल्या प्रतिजैविकांचा मोठा भाग शरीराबाहेर पडतो, आणि त्याला न जुमानणारे जीवाणूही. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथे औषधनिर्मितीच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. दिल्लीच्या साचलेल्या आणि नळाच्याही पाण्यात एनडीएम-१ हे प्रतिरोधाचे जनुक असलेले जीवाणू २०११ मध्ये दाखवण्यात आले. ज्या पाण्यात आपण औषध शोधायला जातो, त्याच पाण्यात औषध निकामी करण्याची विद्या आपण ओतत असतो. नाग नदीच्या काठावर राहणाऱ्यांना हे समजायला लोणारपर्यंत जाण्याचीही जरुरी नाही.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. जे वर्तुळ पडले नाही, किंवा पडले पण खारामुळे पडले, तेही छापावे. नकाराची नोंद नसल्याने तीच तबकडी दुसऱ्या गावी पुन्हा मांडली जाते. वेगळा केलेला प्रत्येक जीवाणू प्रबंध संपल्यावर शीतकपाटात मरू न देता पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात जमा व्हावा. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्याखाली गावोगावी ज्या लोकनोंदवह्या करायच्या आहेत, त्यांत लोणारपुरते तरी एक पान सूक्ष्मजीवांचे असावे, आणि ते मराठीत असावे. मराठीच्या विद्यार्थ्यांना त्यात काम आहे. नमुना कोणत्या तारखेला, कोणत्या काठावरून, किती खोलीवरून घेतला, त्या दिवशी पाण्याचा सामू किती होता आणि काठावर डल्ला होता की भुस्की, एवढे प्रत्येक जीवाणूपुढे लिहिलेले असले तरी पुष्कळ झाले.